अर्धा मिलिलिटर ॲड्रेनॅलिन

कॅज्युअल्टीतल्या इमर्जन्सी ट्रेमध्ये इतर औषधांच्या जोडीला एक मिलिलिटरची काचेची छोटी अँप्यूल असते, ॲड्रेनॅलिनची. किंमत अगदी किरकोळ. कोकणात माहेरी गेले असताना मला गांधीलमाशी चावली आणि तिथल्या ग्रामीण रुग्णालयात त्या अँप्यूलमधल्या निम्म्या औषधाने माझा जीव वाचला. तिथल्या माणसांनी त्या वेळी जे जे केलं, त्यामागचं कारण मला नंतर वाचताना कळत गेलं. जितकं कळलं तितकं त्यांचं ऋण मोठं वाटू लागलं.

गांधीलमाशी मला लहानपणीही चावली होती. तेव्हा हात सुजला, दोन दिवसांत उतरला. मग या वेळीच असं का व्हावं? हाच प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना पडला होता. १९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर ते समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं (सी ॲनिमोन या समुद्री प्राण्याचं) विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून पाहिलं. लसीसारखं याचंही संरक्षण मिळेल, अशी त्यांची अटकळ होती. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने आधीचं विष सहज पचवलं. साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढंच थोडं विष दिलं, तर तो धापा टाकू लागला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण मिळायच्या ऐवजी शरीर भलतंच हळवं झालं होतं. या प्रकाराला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल मिळालं.

हा हळवेपणा येतो कुठून, हे कळायला १९६६ उजाडावं लागलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि पाठोपाठ स्वीडनमधल्या संशोधकांनी आयजीई हे प्रतिपिंड शोधून काढलं. पहिल्या दंशानंतर काही जणांच्या शरीरात त्या विषासाठी खास आयजीई तयार होतं आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतं. या पेशी त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात आणि रक्तवाहिन्यांभोवती असतात, म्हणजे बाहेरचं काही आत शिरण्याची शक्यता असते तिथे. पुढच्या वेळी तेच विष आलं की ते आयजीईला चिकटतं आणि मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन, ट्रिप्टेज अशा रसायनांचा सगळा साठा ओतून मोकळ्या होतात. कोळंबी, शेंगदाणे, काजू, प्रतिजैविकाचं इंजेक्शन, यांनीही हेच होऊ शकतं.

आधी तळहातांना खाज सुटली, मग अंगभर गांधी उठल्या. आपल्याकडे गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी लावतात, आणि नुसत्या गांधी असतील तर त्यात काही बिघडत नाही. आईने आमसूल भिजत घातलंही होतं. तेवढ्यात माझा आवाज घोगरा झाला आणि मला उलटी झाली. त्वचेच्या जोडीला श्वास, पोट किंवा रक्तदाब यांपैकी काही बिघडलं की तो ॲनाफिलॅक्सिस समजायचा. आवाज बदलणं ही तर घशाला सूज येत असल्याची खूण. भावाने क्षणाचाही विचार न करता रिक्षा काढली.

कॅज्युअल्टीत नाव-गाव विचारण्याआधी सिस्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अँप्यूलची मान मोडली. डॉक्टर "पॉइंट फाइव्ह, आयएम" (म्हणजे अर्धा मिलिलिटर, स्नायूत) म्हणेपर्यंत सिरिंज भरलेली होती. सुई गेली ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. दंडात का नाही? मांडीच्या त्या मोठ्या स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो. मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात कमाल पातळीला पोचलं, तर कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. दंशाने दगावलेल्यांच्या एका ब्रिटिश पाहणीत दंशापासून श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) १५ मिनिटांचा होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले आणि माझ्या अंगावर काटा आला.

ॲड्रेनॅलिन एकाच वेळी चार कामं करतं. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, घशाची सूज कमी करतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि मास्ट पेशींची ओतणीही रोखतं. ॲव्हिलसारखं औषध फक्त हिस्टामिनला अडवतं, त्यामुळे खाज शमते, पण घसा किंवा रक्तदाब सावरत नाही. स्टिरॉइडला तर तास लागतात. ही दोन्ही मलाही दिली, पण नंतर. हा क्रम फार मोलाचा आहे आणि तो न चुकणारी माणसं तिथे होती.

थोडं बरं वाटताच मी उठून बसू लागले, तर वॉर्डातल्या मामांनी खांद्याला धरून मला परत आडवं केलं. "उठायचं नाही ताई, अजिबात नाही," म्हणाले आणि पायांखाली दोन उशा सरकवल्या. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नव्या माठातून पाणी पाझरावं तसा रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो. दहा मिनिटांत ३५ टक्क्यांपर्यंत द्रव असा बाहेर जाऊ शकतो. अशात माणूस एकदम उठला की उरलेलं रक्त पायांकडे उतरतं, हृदयाला पंप करायला काही उरत नाही आणि ते थांबू शकतं. असे मृत्यू नोंदलेले आहेत. (दम फार लागला असेल तर पाय पसरून बसू देतात, पण उभं राहू किंवा चालू देत नाहीत.) मामांनी हे कुठे वाचलं होतं की अनुभवाने शिकले होते, मला माहीत नाही. त्यांच्या त्या हाताचे उपकार मी विसरणार नाही. दोन्ही हातांना सलाईन धो धो सोडलं होतं, ते याच गळतीची भरपाई करण्यासाठी.

रात्रभर मला ठेवून घेतलं. पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी, विष पुन्हा न लागताही, दुसरी लाट येऊ शकते. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टर दर थोड्या वेळाने बीपी घेत होत्या, "जीभ जड वाटते का? गिळता येतं ना?" असं विचारत होत्या. त्यांच्याकडे त्या रात्री एक बाळंतीण आणि तापाने फणफणलेली दोन मुलंही होती.

बरी झाल्यावर मी त्या सगळ्यांना भेटायला गेले, पाया पडले. सिस्टर संकोचल्या आणि लगेच कामाचं बोलल्या, "आता जवळ काय ठेवता?" परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी मला अँप्यूल आणि सिरिंज लिहून दिली होती. मग सिस्टरांनी जुन्या रिकाम्या अँप्यूल आणल्या आणि माझ्या भावाकडून औषध भरायचा सराव करून घेतला: मान कशी मोडायची, हवा कशी काढायची, किती भरायचं. शिरेत द्यायचं नाही, हे दोनदा बजावलं. टोचल्यावर बरं वाटलं तरी १०८ ला फोन करून रुग्णालयात यायचंच, हेही सांगितलं. अँप्यूल उन्हात ठेवायची नाही, आणि आतलं औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर टाकून नवीन आणायची.