पार्श्वभूमी: इंदूरची पाणीपट्टी आणि नर्मदेची चढण

इंदूरच्या घरांत नळाला पाणी आलं की "नर्मदा आली" म्हणतात. पण ही नर्मदा आपसूक येत नाही. मंडलेश्वरजवळ जलूदला उपसलेलं पाणी विंध्याचा घाट चढून सुमारे 70 किलोमीटरवरून शहरात पोहोचतं. चढण जवळजवळ अर्धा किलोमीटर उंचीची. त्यामुळे पाण्याच्या खर्चात विजेचं बिलच सगळ्यात जड, आणि पाणीपट्टीचा प्रत्येक वाद शेवटी या बिलापाशी येतो.

होळकरांच्या काळात बिलावली तलाव होता, पुढे गंभीर नदीवर यशवंत सागर झाला. वस्ती वाढली तसे तलाव पुरेनात. 1970 मध्ये नर्मदेसाठी शहर रस्त्यावर उतरलं. अभ्यास मंडळासारखी शहरातली नागरिकांची संस्था, विद्यार्थी, वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले आणि मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांच्या सरकारला योजना मान्य करावी लागली. 1978 मध्ये पाणी आलं. लढून आणलेल्या पाण्यावर लोकांना हक्क वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. ते रोज वर चढवण्याचा खर्च कोणी किती उचलायचा, हे मात्र तेव्हाच लोकांशी बोलून ठरायला हवं होतं.

डिसेंबर 2003 मध्ये आशियाई विकास बँकेने इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूरच्या पाणीपुरवठ्यासाठी 20 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्यासोबत मीटर आणि दरवाढीची चर्चा आली, आणि पाणी विकायला काढलं म्हणून विरोधही झाला.

घरगुती नळाला वर्षानुवर्षं महिना 200 रुपये ठरलेले होते. माणसं दोन असोत की दहा, पाणी रोज येवो की दिवसाआड, रक्कम तीच. पाइपलाइनच्या टोकाच्या वस्त्यांना वर टँकरचे पैसे मोजावे लागतात, म्हणून तिथे दरवाढ जास्त झोंबते.

एप्रिल 2021 मध्ये पाणी, मलनिस्सारण आणि कचऱ्याचे दर वाढवल्याचं जाहीर झालं. नगरसेवकांची मुदत 2020 मध्येच संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता. त्यात करोनाची लाट. लोक खवळले आणि काही दिवसांतच निर्णय स्थगित झाला. जाब विचारायला वॉर्डात निवडून दिलेला माणूसच नसताना असा निर्णय घेणं मला दरवाढीहून अधिक गैर वाटतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये नगर निगमने जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज उभारणारे रोखे, काढले. या प्रकल्पामुळे वाचणाऱ्या वीजबिलातला किती पैसा नळधारकाच्या बिलात उतरेल, तो आकडा पुढच्या दरवाढीआधी सभागृहात मांडला गेला पाहिजे.