पोस्टग्रेसमधील व्हॅक्यूम: मूळ आणि वाटचाल

पोस्टग्रेसक्यूएलचा डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येकाची कधी ना कधी व्हॅक्यूमशी, म्हणजे टेबलातील निरुपयोगी ओळींची जागा मोकळी करणाऱ्या प्रक्रियेशी, गाठ पडतेच. टेबलातील ओळींची संख्या तेवढीच असताना फाइल फुगत जाते, क्वेरी मंदावतात, किंवा भर कामाच्या वेळी ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, डिस्कवर ताण आणतो, आणि मग तो बंदच करून टाकावा असा सल्ला कोणीतरी हमखास देते. सल्ला चुकीचा आहे, पण निराधार नाही. एके काळी त्याला सबळ कारण होते. ते कारण आणि आज कॉन्फिगरेशनमध्ये दिसणारे आकडे समजून घेण्यासाठी १९८० च्या दशकातील बर्कलीपर्यंत मागे जावे लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी १९७० च्या दशकात इंग्रेस हा रिलेशनल डेटाबेस उभा केला होता. त्यानंतर १९८६ मध्ये स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेस हा नवा प्रकल्प हाती घेतला आणि त्याच्या साठवणुकीबाबत एक धाडसी निर्णय घेतला: एकदा लिहिलेली ओळ पुन्हा कधीही जागच्या जागी बदलायची नाही. बदल झाला की नवी आवृत्ती शेजारी लिहायची आणि जुनी तशीच राहू द्यायची. यामागे दोन हेतू होते. पहिला असा, की जुनी आवृत्ती शाबूत असल्याने बदलांची वेगळी नोंदवही, म्हणजे लॉग, ठेवण्याची गरज उरणार नव्हती आणि यंत्रणा कोसळल्यावर ती पूर्वपदावर आणण्याचे काम जवळजवळ तत्काळ होणार होते. दुसरा हेतू इतिहासाचा होता. एखाद्या मागील तारखेला टेबल कसे होते, असा प्रश्न पोस्टक्वेल या तत्कालीन भाषेत थेट विचारता येत असे. या रचनेत व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया पहिल्यापासूनच होती, मात्र तिचे काम कचरा काढण्याचे नव्हते. कालबाह्य ओळी चुंबकीय डिस्कवरून उचलून अभिलेखागारात हलवणे हे तिचे काम होते, आणि ते अभिलेखागार एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर असेल अशी अपेक्षा होती.

विद्यापीठातील प्रकल्प ४.२ या आवृत्तीनंतर १९९४ मध्ये थांबला. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएलची जोड देऊन पोस्टग्रेस९५ हे रूप दिले, आणि १९९६ मध्ये स्वयंसेवकांच्या गटाने पोस्टग्रेसक्यूएल हे नाव स्वीकारले. १९९७ मधील ६.२ या आवृत्तीतून गतकाळात डोकावण्याची सोय काढून टाकण्यात आली, कारण तिच्यासाठी मोजावी लागणारी जागा आणि वेळ फार होता. मग १९९९ मध्ये ६.५ या आवृत्तीत वादिम मिखेयेव यांनी त्याच जुन्या आवृत्त्यांचा वेगळा उपयोग करून दाखवला: वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याला अडवू नये आणि लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला. ही बहुआवृत्ती समवर्तिता आजही पोस्टग्रेसचा कणा आहे. पुढे २००१ मध्ये ७.१ या आवृत्तीत आगाऊ लिहिला जाणारा लॉगही आला. म्हणजे जो लॉग टाळण्यासाठी आणि जो इतिहास जपण्यासाठी मूळ रचना केली होती, त्यांपैकी लॉग परत आला, इतिहास गेला, आणि रचना मात्र तशीच राहिली. व्हॅक्यूमची बहुतेक डोकेदुखी येथून सुरू होते.

प्रत्यक्षात काय घडते ते एका ओळीवर पाहता येते. खात्यातील शिल्लक ५०० वरून ४५० केली, तर ८ किलोबाइटच्या पानावर ५०० ची ओळ जागेवरच राहते. फक्त तिच्या शीर्षातील एक्समॅक्स या रकान्यात बदल करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटाचा) क्रमांक पडतो. ४५० ची ओळ नव्याने लिहिली जाते आणि तिच्या एक्समिनमध्ये तोच क्रमांक असतो. हे दोन्ही रकाने बर्कलीच्या मूळ आराखड्यातील आहेत आणि साध्या सिलेक्टने नाव घेऊन मागितले, तर आजही दिसतात. कोणत्या ट्रान्झॅक्शनला कोणती ओळ दिसावी, हे या क्रमांकांवरून ठरते. जुनी ओळ कोणालाच दिसण्याची शक्यता उरली नाही की ती मृत ठरते, आणि तिची जागा मोकळी करणे हे व्हॅक्यूमचे काम. ओरॅकलने आणि मायएसक्यूएलमधील इनोडीबीने वेगळा मार्ग धरला. तेथे ओळ जागच्या जागी बदलते आणि जुने मूल्य अनडू विभागात जाते. त्यामुळे मुख्य टेबल तुलनेने कमी फुगते, पण मोठे ट्रान्झॅक्शन मागे घेताना सर्व बदल एकेक करून उलटवावे लागतात. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक जवळजवळ फुकट पडतो. त्याचा हिशेब नंतर व्हॅक्यूम चुकता करतो.

सुरुवातीची बरीच वर्षे व्हॅक्यूम चालू असताना संपूर्ण टेबलावर एकाधिकारी लॉक लागत असे आणि काम संपेपर्यंत कोणालाही ते टेबल वाचतादेखील येत नसे. साहजिकच रात्री क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनातून व्हॅक्यूम लावून ठेवण्याची पद्धत पडली. बंद करण्याच्या सल्ल्याचे मूळ या काळात आहे. २००२ च्या ७.२ आवृत्तीने हे चित्र बदलले. नवा व्हॅक्यूम टेबल न अडवता चालतो, मृत ओळींची जागा पुढील लेखनासाठी मोकळी करून ठेवतो, पण फाइलचा आकार सहसा कमी करत नाही. जुनी, अडवणारी पद्धत व्हॅक्यूम फुल या नावाने उरली. व्हॅक्यूम करूनही डिस्कवर जागा का मिळाली नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे.

याच आवृत्तीत आणखी एक दुखणे हाताळले गेले. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४२९ कोटींनंतर मोजणी पुन्हा सुरुवातीपासून होते. त्यापूर्वी ही मर्यादा गाठली की डेटाबेस नव्याने उभारणे भाग होते. ७.२ पासून क्रमांक वर्तुळाकार मानले गेले. कोणत्याही क्षणी निम्मे मागचे आणि निम्मे पुढचे. पुरेशा जुन्या ओळींना ‘गोठवलेल्या’, म्हणजे कायम मागच्याच मानायच्या, असे चिन्ह लावण्याची जबाबदारी व्हॅक्यूमवर आली. सेकंदाला १,००० लेखन ट्रान्झॅक्शन होत असतील, तर निम्मी, म्हणजे २१४ कोटींची, मर्यादा सुमारे २५ दिवसांत संपते. त्यामुळे व्हॅक्यूम हा केवळ जागेचा प्रश्न राहिला नाही.

व्हॅक्यूम आपोआप चालवणारा स्वतंत्र प्रोग्रॅम २००३ मध्ये ७.४ सोबत जोडसामग्री म्हणून आला, २००५ मध्ये ८.१ ने तो सर्व्हरमध्ये घेतला आणि २००८ मध्ये ८.३ ने तो मूळ सेटिंगमध्येच चालू ठेवला. दरम्यान ८.० मध्ये व्हॅक्यूमला मधूनमधून थांबवणारी खर्चमोजणी आली होती. तिचे आकडे त्या काळच्या फिरत्या डिस्कना साजेसे होते: खर्चाचे २०० गुण झाले की २० मिलिसेकंद विश्रांती, डिस्कवरून वाचलेल्या प्रत्येक पानाला १० गुण. या हिशेबाने ऑटोव्हॅक्यूम सेकंदाला सुमारे ८ मेगाबाइटच वाचू शकतो, आणि १०० गिगाबाइटचे टेबल नुसते एकदा वाचायला साडेतीन तास लागतात. एसएसडी सर्वत्र रुळल्यानंतरही हा लगाम कायम होता. २०१९ मध्ये १२ व्या आवृत्तीने विश्रांती २ मिलिसेकंदांवर आणली. खर्चाची मर्यादा सर्व वर्कर, म्हणजे ऑटोव्हॅक्यूमच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया, मिळून वाटून घेतात, हे मात्र आजही अनेकांच्या लक्षात येत नाही. वर्कर ३ वरून ६ केले आणि मर्यादा तीच ठेवली, तर प्रत्येक जण निम्म्या वेगाने चालतो, एकूण वेग वाढत नाही.

टेबलाचा किती हिस्सा मृत झाल्यावर ऑटोव्हॅक्यूम सुरू व्हावा हे ठरवणाऱ्या स्केल फॅक्टरचे ०.२ हे मूळ मूल्यही लहान टेबलांच्या काळातले. ५० कोटी ओळींच्या टेबलात १० कोटी ओळी मृत होईपर्यंत ऑटोव्हॅक्यूम फिरकतच नाही. मोठ्या टेबलांपुरते हे मूल्य ०.०१ च्या आसपास आणणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे.

व्हॅक्यूमला पडणारे कामच कमी करण्याचे प्रयत्न समांतर चालू होते. ८.३ मधील हॉट हे तंत्र पवन देवलसी यांच्या नावावर नोंदलेले आहे. बदललेल्या रकान्यांवर इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही आणि मृत आवृत्ती पुढच्या वाचनातच छाटली जाते. पानावर अशी जागा राखण्यासाठीच सतत बदलणाऱ्या टेबलांचा फिलफॅक्टर, म्हणजे पान किती टक्के भरायचे तो आकडा, ८० ते ९० ठेवतात. २००९ मध्ये ८.४ ने कोणत्या पानांतील सर्व ओळी सगळ्यांना दिसतात याची नोंद ठेवणारा दृश्यता नकाशा आणला आणि न बदललेली पाने वगळणे शक्य झाले. तरीही गोठवण्याच्या फेरीत सगळे टेबल वाचावेच लागे. ती सक्ती २०१६ मध्ये ९.६ ने संपवली.

एवढे असूनही २०१५ च्या जुलैमध्ये सेंट्री या सेवेचा डेटाबेस क्रमांक संपत आल्याने लेखन नाकारून थांबला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मेलचिंपच्या मँड्रिल सेवेवर तशीच वेळ आली. दोन्ही कंपन्यांनी आपली हकिकत जाहीरपणे सांगितली, हे त्यांच्या सचोटीला धरूनच झाले. अशा वेळी सर्व्हर मुद्दाम लेखन बंद करतो, कारण तसे न केल्यास जुन्या ओळी ‘भविष्यातील’ समजल्या जाऊन दिसेनाशा होतील. १४ व्या आवृत्तीपासून ४ कोटी क्रमांक शिल्लक असताना इशारे सुरू होतात आणि ३० लाख उरले की नवे क्रमांक देणे थांबते. त्याच्या बऱ्याच आधी, क्रमांकांचे वय, म्हणजे सर्वांत जुन्या न गोठवलेल्या क्रमांकापासूनचे अंतर, १६० कोटींवर गेले की व्हॅक्यूम सगळी विश्रांती सोडतो, इंडेक्सची सफाईही बाजूला ठेवतो आणि फक्त गोठवण्याच्या मागे लागतो.

मूळ निर्णयच फिरवण्याचा प्रयत्नही झाला. एंटरप्राइझडीबी या कंपनीने २०१८ मध्ये झीहीप हा अनडूवर आधारलेला साठवणप्रकार पुढे आणला, पण तो मुख्य पोस्टग्रेसमध्ये दाखल झाला नाही. त्याऐवजी सुधारणा व्हॅक्यूमच्याच होत राहिल्या. मृत ओळींचे पत्ते प्रत्येकी ६ बाइटच्या सलग यादीत ठेवले जात आणि यादीला १ गिगाबाइटची कमाल मर्यादा होती, म्हणून सुमारे १७.९ कोटी पत्ते भरले की सगळे इंडेक्स पुन्हा एकदा चाळावे लागत. २०२४ मधील १७ व्या आवृत्तीने ती यादी मोडीत काढून आटोपशीर वृक्षरचना आणली. २०२५ मधील १८ व्या आवृत्तीने १० कोटी मृत ओळींची वरची मर्यादा घातली, त्यामुळे अतिप्रचंड टेबलांसाठी स्केल फॅक्टरची वाट पाहावी लागत नाही.

एक अडचण मात्र १९९९ पासून तशीच आहे. एखादे ट्रान्झॅक्शन उघडे राहिले, तर त्याला जे दिसू शकते ते काहीच व्हॅक्यूमला काढता येत नाही, मग तो कितीही वेगाने चालो. जुन्या स्नॅपशॉटची, म्हणजे ट्रान्झॅक्शनला दिसणाऱ्या डेटाच्या त्या क्षणीच्या चित्राची, मुदत संपवणारे सेटिंग ९.६ मध्ये आणून पाहिले गेले. त्यात दोष निघत राहिले आणि १७ व्या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. रिकामे बसलेले ट्रान्झॅक्शन ठरावीक वेळेनंतर तोडणारी मर्यादा ९.६ पासून आहे आणि एकूण ट्रान्झॅक्शनवरची कालमर्यादा १७ पासून. दोन्हींचे मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद, असते. ती चालू करणे डेटाबेस सांभाळणाऱ्यावर सोपवलेले आहे.