आमचं जेल आणि लैंगिक संसर्ग: ग्राहकांसाठी माहिती

"हे जेल लावलं की एचपीव्ही, एचआयव्ही होत नाही ना?" म्हापसा-पणजीच्या दुकानांतून हा प्रश्न आमच्यापर्यंत वारंवार येतो. (एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू.) उत्तर स्पष्ट देतो: नाही, तसं समजू नका. बाटलीत आहे ते पाण्यात बनवलेलं ल्युब्रिकंट, म्हणजे संबंधावेळी घर्षण कमी करणारं वंगण. ते कंडोमसोबत वापरायचं, कंडोमऐवजी नव्हे.

मात्र प्रश्न उगाच पडलेला नाही. आमच्या जेलला दाटपणा येतो कॅरागीननमुळे. ते लाल समुद्री शेवाळापासून काढतात. भरती ओसरली की हणजूणच्या खडकांवर लाल शेवाळ दिसतं. (आम्ही ते तिथून खरवडत नाही, तपासलेली पूड विकत घेतो.) गरम पाण्यात पूड ढवळून निवू दिली की मिश्रण आळतं. एचपीव्ही पेशीत शिरण्याआधी तिच्या पृष्ठभागावरच्या सल्फेटयुक्त शर्करेला चिकटतो. कॅरागीननची घडणही तशीच असल्यामुळे विषाणू पेशीऐवजी त्यालाच चिकटून बसतो. 2006 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत दाखवलं.

काचेच्या नळीत घडतं ते शरीरात घडेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांहून अधिक स्त्रियांवर 'कॅरागार्ड' या कॅरागीनन जेलची चाचणी झाली. 2008 मध्ये निकाल आला: जेल सुरक्षित, पण एचआयव्ही रोखत नाही. पुढे मॉन्ट्रियलच्या अभ्यासात तरुण स्त्रियांमध्ये एचपीव्हीची नवी लागण सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसली. समलिंगी पुरुषांमध्ये मात्र फायदा आढळला नाही. आम्हाला या संशोधनाबद्दल मनापासून आशा आहे. पण एवढ्यावर बाटलीवर 'विषाणूरोधक' छापणं म्हणजे तुमच्या जिवाशी खेळ, आणि 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यालाही ते चालत नाही.

"झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?" असंही विचारतात. झाडपाल्याचं असो वा रसायन, अपाय होऊ शकतो. नॉनॉक्सिनॉल-9 हे साबणासारखं रसायन विषाणू मारतं म्हणून जेलमध्ये घातलं गेलं. 2000 साली कळलं की ते वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीची लागण उलट वाढली, कारण त्याने योनीचं नाजूक अस्तर दुखावलं जात होतं. झाडाच्या रिठ्याचा फेसही तसाच साबणासारखा, म्हणून आम्ही तो घालत नाही. ग्लिसरीनही कमी ठेवतो, कारण जास्त झालं की ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. प्रत्येक बॅचचा सामू (पीएच) 4.5 च्या आसपास आहे का, ते तपासूनच बाटल्या भरतो.

घरचं खोबरेल किंवा भिरंडेल (कोकमाचं तेल) लेटेक्स कंडोमसोबत अजिबात लावू नका. तेलाने रबर काही मिनिटांतच कमकुवत होऊन फाटू शकतं. कडुनिंबाचं तेल, हळदीचा लेप आत लावायचे प्रयोगही नकोत.

एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांवर लस आहे. एचपीव्हीची लस लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सर्वांत उपयोगी. पुण्यात बनणारी 'सर्व्हाव्हॅक' त्यासाठीच आहे. कंडोम फाटला आणि एचआयव्हीची भीती वाटली, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. त्यासाठीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. कुणाला विचारायचं कळत नसेल तर 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. जेलने जळजळ झाली तर ते लगेच थांबवा, पाण्याने धुवा आणि बाटलीवरचा बॅच नंबर आम्हाला कळवा.