कसाऱ्याला गाडी का थांबते?

मुंबईहून नाशिकरोडला येणाऱ्यांना कसाऱ्याचा थांबा पाठ असतो. गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात, हलकासा हिसका बसतो आणि गाडी थळ घाट चढू लागते. इगतपुरीला बँकर सुटतात. पुढच्या इंजिनात ताकद कमी, म्हणून हा खटाटोप, असं बहुतेकांना वाटतं. पण मोटरमध्ये कितीही ताकद असली, तरी चाकाने रूळ धरायला हवा.

मोटर फक्त चाक फिरवते. चाक रुळाला मागे रेटतं आणि घर्षणामुळे रूळ चाकाला तितक्याच जोराने पुढे ढकलतो. घर्षण नसतं तर चाकं जागच्या जागी गरगरली असती. घर्षण गतीला विरोध करतं, हे शाळेतलं वाक्य म्हणूनच अपुरं आहे. टेकलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरू नयेत, एवढाच त्याचा विरोध असतो.

आता हिशेब बघा. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते; म्हणून वजनाचा सदतिसावा भाग तिला मागे ओढतो. इंजिनासह ११०० टनांची गाडी धरली, तर सुमारे ३० टनांचा भार तिला मागे खेचतो. सपाटीवर, कमी वेगात, हीच गाडी चालती ठेवायला दोनेक टनांचा जोर पुरतो. कोरड्या रुळावर इंजिनाला आपल्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतकी पकड मिळते, असं समजू. १२० टनांच्या इंजिनाला मग जेमतेम ३० टन मिळतात. ओल्या रुळावर ही पकड निम्म्यावर येऊ शकते, आणि इगतपुरीचा पाऊस तर ठाऊकच आहे! मुसळधार सरीपेक्षा भुरभुर जास्त त्रासाची. रुळावरची धूळ आणि तेल धुऊन न जाता त्यांचा निसरडा लेप होतो. मागून दोन इंजिनं लागली की रूळ धरणारं वजन तिप्पट होतं. ते वजनही चढवावं लागतं, पण पावसातही हिशेब जमतो.

चाक एकदा घसरू लागलं की पकड आणखी कमी होते, कारण घसरतानाचं घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असतं. अशा वेळी लोको पायलट जोर वाढवत नाही, उलट कमी करतो आणि चाकापुढे वाळू सोडतो. इंजिनावर त्यासाठी कोरड्या वाळूच्या पेट्या असतात.

उतरताना ब्रेकचीही हीच मर्यादा. चाक जाम होऊन घासत गेलं तर तेवढ्या जागी चपटं होतं आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला ठकठक आपटत राहतं. म्हणून घाटात बेभान सुटलेल्या गाडीसाठी चढावर नेणारा वेगळा रूळ ठेवलेला असतो. तिथे तिचा वेग मुख्यतः गुरुत्वाकर्षण मारतं, रूळ ओला असला तरी.