बेसचा टोन साउंडवाल्याच्या हाती कसा गेला

नागपुरात बेस शिकायला लागलेला पोरगा जुन्या वादकांना हमखास विचारतो, "अॅम्प कोणता घेऊ?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: अॅम्पचं राहू दे, आधी एक बरा प्रीअॅम्प-डीआय (बेसचा आवाज सुधारून थेट मिक्सरला पाठवणारी डबी) घे. परदेशी व्हिडिओ पाहून आलेल्याला हे विचित्र वाटतं. तिकडे बेसवादकामागे स्पीकरचा छातीइतका उंच कॅबिनेट उभा असतो. इकडे त्याच्यामागे मंडपाचा पडदा, आणि पडद्यामागे जनरेटर. पैशाचा भाग त्यात आहेच, पण बराचसा इतिहासाचा आहे.

बेस गिटार जन्मली तीच मुळी ऐकू यावं म्हणून. डान्स बँडमध्ये उभा डबल बेस ब्रासच्या गजरात बुडून जायचा, आणि तो गाडीवर लादून नेणं ही वेगळीच कसरत. सिअॅटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच आडवी धरून वाजवायची, फ्रेट (सुरांच्या जागा दाखवणाऱ्या मानेवरच्या पट्ट्या) असलेली इलेक्ट्रिक बेस बनवली होती, पण तिचं फारसं काही झालं नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), चार तारा, एक पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं चुंबक-गुंडाळीचं यंत्र). आज दुकानात टांगलेल्या बहुतेक बेस तिच्याच वंशातल्या.

तो पहिला पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले. दोन तारांखाली एक, उरलेल्या दोन तारांखाली दुसरा, आणि दोघांचे चुंबक व गुंडाळी एकमेकांविरुद्ध. बाहेरून शिरलेली हम (विजेची गुणगुण) दोन्हींत उलटसुलट येऊन कटते, तारेचा आवाज राहतो. नागपूरकराला ह्याचं मोल मे महिन्यात कळतं. प्रॅक्टिसच्या खोलीत खिडकीला कूलर, त्याची मोटर, डोक्यावर पंखा, पंख्याचा रेग्युलेटर, आणि अर्थिंगची बोंब. त्यात आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या, तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ४९ हर्ट्झचा. घराची हम आणि तुमचा जी जवळजवळ एकाच जागी बसतात, त्यामुळे इक्यूने (ठरावीक पट्टीतला आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांनी) एक कापायला जावं तर दुसराही जातो. नॉइज गेट (बारीक आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) लावला तर हाताने तार दाबल्यावर शांतता मिळते, सुरात मिसळलेली हम तशीच राहते. १९६०च्या जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल आहेत. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की हम कटते, एक जरा उतरवला की परत हजर. ब्रिजकडचा पिकअपच गोड लागतो असं वर्षभर सांगणारे लोक एप्रिलनंतर निमूटपणे दोन्ही उघडे ठेवून वाजवतात.

अॅम्पची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. फेंडरचा बासमन हा अॅम्प १९५२चा. तो बेससाठीच काढला, पण मोठ्या आवाजात वाजवला की त्याचा आवाज फाटायचा आणि ते फाटणं गिटारवाल्यांना इतकं आवडलं की लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल अॅम्प त्याच्याच सर्किटवरून बांधला गेला. बेसवाल्यांसाठी खऱ्या अर्थाने अॅम्पेग ह्या कंपनीने काम केलं. १९६०चा बी-१५ स्टुडिओत आणि छोट्या जागी चालायचा. १९६९चा एसव्हीटी मात्र ३०० वॉटचा, व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारा धिप्पाड गडी, सोबत दहा इंची आठ स्पीकर. एवढा डोलारा का? तेव्हाच्या पीएमधून (प्रेक्षकांसाठीच्या लाउडस्पीकर व्यवस्थेतून) मुख्यतः गाण्याचा आवाज जायचा. बेस शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर तो स्टेजवरूनच ढकलावा लागे.

त्याच सुमाराला डेट्रॉइटमध्ये मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमर्सन अॅम्पशिवाय इतिहास घडवत होते. १९६२ची प्रिसिजन, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा, ब्रिजच्या (तारा अडकवतात त्या खालच्या पट्टीच्या) झाकणाखाली स्पंजचा तुकडा, आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. बेस थेट मिक्सिंग कन्सोलला जोडलेली. पेडल एकही नाही. साठच्या दशकातल्या ज्या टोनची जगभर अजून नक्कल होते, त्यातला मोठा भाग असा सरळ लाइनमधून आलेला आहे. हे माझ्या मते बेसच्या गिअरबद्दल सगळ्यात आधी कळायला हवं, पण कॅटलॉगमध्ये ते सापडत नाही, कारण स्पंज विकून कोणाचं पोट भरणार?

पेडलचा उगमही बेसच्याच घरातला. १९६०-६१च्या सुमाराला नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डिंगमध्ये ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस वाजवत असताना कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि आवाज घरघरत बाहेर पडला. ती घरघर ठेवली गेली. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तसाच आवाज देणारं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते मॅस्ट्रो फझ-टोन नावाने विकायला काढलं. नंतर फझ, म्हणजे ती घरघर, गिटारवाल्यांनी पळवला तो पळवलाच. त्यांच्यासाठी बनलेले ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारे पेडल) बेसला लावले की खालचा भरीवपणा गळून जातो, राहतो नुसता चिरका आवाज. उपाय साधा होता: मूळ स्वच्छ आवाज एका बाजूने तसाच जाऊ द्यायचा आणि फाटलेला त्यात हवा तेवढा मिसळायचा. बॉसच्या ओडीबी-३ वरचं बॅलन्सचं बटण ह्याचसाठी आहे. बाकी ऑक्टेव्हसाठी (एक सप्तक खालचा सूर जोडायला) बॉस ओसी-२ १९८२चा, फंकसाठी म्यू-ट्रॉन हा फिल्टर पेडल त्याच्या दहा वर्षं आधीचा. कोरस, डिले वगैरे इतर इफेक्ट बेसवर जपूनच.

आता इकडे. नागपुरात बेस गिटार वाढली ती ऑर्केस्ट्रामध्ये. गणेशोत्सव, लग्नं, १४ एप्रिलचे भीमगीतांचे कार्यक्रम. आज कामठी, उद्या वर्धा, परवा उमरेड. टेम्पोत ढोलक, काँगो, कीबोर्ड, माणसं आणि त्यांच्या पिशव्या. त्यात कॅबिनेटला जागा कुठली? १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणायचं तर परवाना आणि जकात आडवी यायची, म्हणून कोलकात्याच्या गिवसन गिटारी हावडा मार्गाने आलेल्या. साउंड मंडळाने ठरवलेल्या ठेकेदाराचा, अहुजाचे अॅम्प आणि खांबांना बांधलेले भोंगे. ज्या काळात तिकडे बेस पीएमध्ये घालत नव्हते, त्या काळात इकडे पीएशिवाय दुसरं काही नव्हतंच. बेसची कॉर्ड (वायर) सरळ मिक्सरला जायची, आणि कोपऱ्यातून आवाज यायचा, "भाऊ, बेस कमी कर, घुमून राहिला ना!" पुढे बऱ्याच ऑर्केस्ट्रा पार्ट्यांत बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात गेला. एका माणसाचं मानधन वाचलं.

ती सरळ कॉर्ड हाच खरा घोळ होता. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसच्या पिकअपला समोर साधारण १० लाख ओहमचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इनपुट त्याच्या शंभराव्या भागाइतका. त्यावर जोडली की वरचा आवाज मरतो, बोटांची ठोस सुरुवात जाते, उरतो गुबगुबीत गोळा. शिवाय स्टेजपासून मिक्सरपर्यंत लांबच लांब गिटार कॉर्ड, म्हणजे हमला उघडं दार. डीआय बॉक्स दोन्ही निस्तरतो. बेसला हवा तसा इनपुट देतो आणि पुढे माइकच्या तीन पिनांच्या कॉर्डने बॅलन्स (बाहेरची हम कटेल असा) सिग्नल पाठवतो. न्यूयॉर्कच्या टेक २१ ह्या कंपनीने १९८९ मध्ये सॅन्सअॅम्प हा प्रीअॅम्प काढला, नंतर त्याचं बेससाठीचं डीआय रूप आलं, आणि व्हॉल्व्ह अॅम्प व कॅबिनेटचा रंग एका डबीत मावू लागला. जे तिकडे सोयीचं होतं ते इकडच्या कामाला जणू मापाने शिवलेलं निघालं. पुढे झूमसारखे मल्टी-इफेक्ट स्वस्त झाले आणि व्हीएनआयटी ह्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलपर्यंत पोचले.

म्हणून इथला क्रम असा लागतो: तारा आणि सेटअप आधी (उन्हाळ्याच्या कोरड्या हवेतून पावसाळ्यात शिरताना मान हलते, मानेतली ट्रस रॉड ही सळई पाहून घ्या), मग कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारा), मग प्रीअॅम्प-डीआय, आणि हौस उरली तर ड्राइव्ह. सभागृहात खुली ई तार ४१ हर्ट्झची, तिची लाट आठ मीटरहून लांब. एका खुर्चीवर बेस छातीत धडकतो, चार खुर्च्या सोडून गायब होतो. ते पेडलने सुटत नाही. २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं तर घुमणं कमी होतं आणि ८०० च्या जवळ थोडं वाढवलं तर सूर ओळखू येतो.

आणि साउंडवाल्याशी चहा घेताना एक बघून ठेवायचं. बऱ्याच मिक्सरवर प्रत्येक चॅनलला लो-कटचं बटण असतं, ८० किंवा १०० हर्ट्झचं. ते गाणाऱ्यांच्या माइकसाठी असतं. आदल्या कार्यक्रमात तुमच्या चॅनलवर गायक असेल, तर ते अजून दाबलेलंच असतं.