‘जड’ पाण्यात अंडं का बुडतं?

सोलापुरात बोअरच्या पाण्याला सर्रास ‘जड पाणी’ म्हणतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. तक्रारी खऱ्याच. पण हे पाणी वजनालाही जड असतं का?

लिटरभराच्या काचेच्या बरणीत ५०० मिली बोअरचं पाणी घ्या आणि ताजं अंडं अलगद सोडा. तळाशी जाईल. ताज्या अंड्याची घनता असते साधारण १.०८ ग्रॅम प्रति मिली. लिटरमागे २ ग्रॅम क्षार, म्हणजे बऱ्यापैकी खारट पाणी, धरलं तरी पाण्याची घनता वाढते जेमतेम ०.००१५. अंडं उचलायला याच्या पन्नासपट वाढ हवी. (ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी वेगळं. त्याची घनता १.१ असते, त्यात अंडं मिठाशिवाय तरंगेल.)

आता १०-१० ग्रॅम मीठ टाकून पूर्ण विरघळवत जा. साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास अंडं बूड, म्हणजे रुंद टोक, वर करून उभं राहतं आणि मग सुटतं. बूडच वर, कारण हवेची पोकळी त्या टोकाला असते. शिळ्या अंड्याला मीठ कमी लागतं. कवचाच्या छिद्रांतून पाणी उडून जातं, आकार तेवढाच राहतो, वजन घटतं. साध्या पाण्यात तरंगलेलं अंडं जुनं असतं. नासलेलंच असेल असं नाही.

खरी गंमत अंडं मधोमध थांबवण्यात आहे. मीठ मोजून-मापून हे जमत नाही. घनतेत हजारात एकाचा फरक पडला तरी अंडं हळूहळू वर किंवा खाली सरकतं, आणि एकसारख्या द्रावणात त्याला माघारी आणणारं काहीच नसतं. म्हणून थर करायचे. ५०० मिली पाण्यात ८० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात अंडं तरंगू द्या आणि पळीच्या पाठीवरून साधं पाणी धारेने सोडा. पाणी चढत जातं, अंडं मात्र जागेवरच. थोडं वर गेलं तर भोवतीचं पाणी त्याच्यापेक्षा हलकं, म्हणून खाली येतं. खाली गेलं तर पाणी घन, म्हणून वर ढकललं जातं. बोटाने दाबून सोडा, हेलकावे खात परत येईल. मिठाला सेंटिमीटरभर वर पसरायला कित्येक तास लागतात, त्यामुळे थर टिकतो.

फसतं ते बहुधा ओतण्यात: धार जोरात पडली की थर मिसळतात. मीठ गरम पाण्यात विरघळवलं असेल तर आधी थंड होऊ द्या. खडे मीठ तळाशी तसंच राहिलं तर ते हिशेबात धरू नका.

‘तरंगता दगड’ दाखवून हात जोडायला लावणाऱ्यांचा दगडही याच नियमाने तरंगतो. तो सहसा हवेच्या बंद पोकळ्यांनी भरलेला ज्वालामुखीचा प्युमिस असतो. आपला काळा पाषाण पाण्याच्या जवळपास तिप्पट घन. त्यावर काहीही लिहिलं तरी बुडणारच.

बाजरी पेरणारे हाच प्रयोग बादलीत करतात. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घातलं की अरगट या बुरशीच्या रोगाच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात. इथे मिठाच्या अंदाजासाठी अंडं वापरू नका. ते सव्वा-दीड किलोलाच तरंगतं आणि द्रावण कच्चं राहतं. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मिठाने उगवण मार खाते.