इंकस्केपमधले रिपीट पॅटर्न

रिपीट पॅटर्न म्हणजे एकच छोटं चित्र (टाइल) आडवं-उभं परत परत मांडून भरलेली नक्षी. कापड, गिफ्ट रॅपर, वेबसाइटचं बॅकग्राउंड, सगळीकडे हेच असतं, आणि व्हेक्टरमध्ये (म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेषा-आकारांनी) केलं तर रुमालाएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, रेषा फाटत नाही. इंकस्केप हे २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या ड्रॉइंग प्रोग्रॅमपासून फुटून निघालेलं, व्हेक्टर चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर, आणि पॅटर्न शिकायला ते फार चांगलं आहे.

सगळा खेळ टाइलच्या कडेचा. समजा टाइल २०० बाय २०० पिक्सेलची आहे आणि एक पान उजव्या कडेतून अर्धं बाहेर गेलंय, तर ते बाहेरचं अर्धं डाव्या कडेतून आत यायला हवं, म्हणून पानाची डुप्लिकेट काढायची आणि ट्रान्सफॉर्म पॅनलमध्ये आडवं बरोब्बर -२०० टाकून सरकवायची. माउसने अंदाजे ओढून ठेवलं की जोड दिसतोच. कोपऱ्यावर फूल आलं तर ते चारही कोपऱ्यांत लागतं. मग सगळं ग्रुप करून २०० च्या चौकोनाने क्लिप करायचं (बाहेरचं झाकायचं), चौकोनाला स्ट्रोक (कडेची रेघ) अजिबात नको, कारण इंकस्केप डिफॉल्टने स्ट्रोकची जाडीही मापात धरतं. शेवटी आल्ट+आय दाबलं की पॅटर्न फिल तयार, तो कुठल्याही आकारात भरता येतो आणि नोड टूलच्या हँडलने सरकवता, फिरवता, लहानमोठा करता येतो.

दुसरा रस्ता टाइल्ड क्लोन्सचा, म्हणजे मूळ तुकड्याशी जोडलेल्या नकला (क्लोन) आपोआप मांडून घ्यायचा, आणि खरी मजा इथेच आहे. सपाट पृष्ठभागावर दोन्ही दिशांना नक्षी रिपीट करायचे सिमेट्रीचे प्रकार १७च, हे रशियन गणिती फेदोरोवने १८९१ मध्ये सिद्ध केलं, आणि ते सगळे इथे यादीत आहेत. पी१ म्हणजे नुसतं सरकवणं. पी६एम मध्ये आरसे आणि ६० अंशांचं फिरवणं दोन्ही, त्यामुळे एका त्रिकोणी तुकड्यातून अख्खी जाळी उभी राहते, एकदा करून बघाच. मूळ तुकडा बदलला की सगळे क्लोन तिथल्या तिथे बदलतात, फक्त तो पहिल्या क्लोनच्या खाली दडलेला असतो, तो शोधून काढायचा.

कापडासाठी हाफ ड्रॉप जास्त शोभतो, म्हणजे एकाआड एक कॉलम अर्ध्या टाइलने खाली. त्यासाठी टाइल्ड क्लोन्सच्या शिफ्ट टॅबमध्ये शिफ्ट वायला पर कॉलम ५०% टाकून कॉलमचं अल्टरनेट टिक करायचं. टिक करायचं राहून गेलं तर प्रत्येक कॉलम आधीच्यापेक्षा अजून खाली जातो आणि नक्षी तिरपी घसरते. अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये हेच ब्रिक बाय कॉलम, २०१२ च्या सीएस६ पासून तिथे पॅटर्नचं वेगळं पॅनल आहे.

एक्सपोर्ट केल्यावर टाइलांमध्ये केसासारखी पांढरी रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा अँटीअलायझिंगमुळे (कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेचे पिक्सेल अर्धवट रंगवण्यामुळे) असते. टाइलच्या कडा पूर्ण पिक्सेलवर बसवायच्या आणि क्लोन वापरत असाल तर बॅकग्राउंडचा रंग टाइलमध्ये न घालता खाली एकच मोठा चौकोन टाकायचा.